बसायचे पन्नास रुपये

कोल्हापुरात कलेक्टरनी शाळांना पावसाची सुट्टी जाहीर केली आणि सकाळी नऊच्या आत आमच्या घराची धर्मशाळा झाली. आमचा एक, बहिणीची एक, शेजारची दोन. बाहेर पाऊस असा की समोरचं घर दिसेना. ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "मुलांना घेऊन कुठं जाता येईल? इनडोअर सुचवा." खाली पंधरा जणांनी एकाच प्ले झोनचं नाव टाकलं. मी म्हटलं जाऊया. आई पण म्हणाली, मी येतो, घरात बसून अंग आखडलंय.

तर हे प्ले झोन. नाव घेत नाही, सगळी एका माळेचे मणी आहेत. तासाचे मुलामागं किती घेतले ते सोडा, आता तो रेट सगळीकडंच आहे. मग काउंटरवरची मुलगी म्हणते, मोजे घ्यावे लागतील. मुलांच्या पायात मोजे होते की! ते नाही चालत, आमचेच लागतात, खाली रबराचे ठिपके असलेले. बरं, घेतले. मग ती आईकडं बघून मला म्हणाली, "काका, अडल्टचं पण तिकीट आहे. पन्नास."

म्हटलं, अहो ती सत्तरीची आहे, ती घसरगुंडीवर चढणार आहे का? एका खुर्चीत बसणार फक्त.

"हो, बसायचेच आहेत ते."

बसायचे पन्नास रुपये! आईनं ते ऐकलं आणि लगेच, "मी थांबतो की भाईर, तुमी जावा आत. मला काय हुतंय." आणि निघालीच ती दाराकडं. बाहेर पायरीवर पागोळ्या पडत होत्या, तिथं उभी राहणार होती ही बाई तासभर, मुलाचे पन्नास वाचवायला. मी पैसे भरले, तिला आत बसवलं. पण तासभर ती त्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत अशी अवघडून बसली होती जसं काही कुणाच्या तरी घरी न बोलवता आलीय.

माहितीय मला, त्या मालकालाही भाडं आहे, लाइट बिल आहे, एसी आहे. असू दे.

पण दुपारपासून डोकं तापलंय ते त्या पन्नासामुळं नाही. तापलंय ते यासाठी की पंधरा जणांना, आणि सगळे माझ्यासारखेच पेठेत वाढलेले, या शहरात पावसात पोरांना घेऊन जायला दुसरी एकही जागा सुचली नाही. अरे कुठं वाढलात तुम्ही? बालपण पुसून टाकलं काय?

माझा आज्जा शाहू मिलमधून रिटायर झालेला. पेन्शन नावाला. जून-जुलैत पाऊस लागला की आज्जी त्याला आणि मला दोघांना घराबाहेर काढायची, कारण दोन खोल्यांत ओले कपडे वाळत घातलेले असायचे आणि आम्ही दोघं मधे मधे करायचो. एक छत्री, ती पण काळी, मोठी, एक काडी मोडलेली. त्या छत्रीखाली आज्जानं मला अख्खं कोल्हापूर आतून दाखवलं. आतून म्हणजे छपराखालून. आणि त्याच्या कोपरीच्या खिशात बिडी सोडून काही नसायचं.

पहिला मुक्काम करवीर नगर वाचन मंदिर. १८५० सालचं आहे ते, मुंबई विद्यापीठाच्या आधीचं. आम्हाला त्याचं काय कौतुक नव्हतं तेव्हा, आम्हाला तिथं कोरडं असायचं एवढं कळत होतं. मुक्तद्वार विभागात म्हातारी मंडळी पेपर वाचत बसलेली. एका पेपरची चार पानं चार जणांकडं. आज्जा एकाला खुणेनं विचारायचा, "आतलं पान झालं काय?" तो मान हलवायचा, नाही. मग आज्जा थांबायचा. त्या थांबण्यातच अर्धा तास जायचा आणि त्याला कसलीच घाई नसायची. मी कोपऱ्यात चित्रांची पुस्तकं उलटायचो. आम्हाला तिथं कधी कुणी विचारलं नाही, काय पाहिजे म्हणून.

पाऊस जरा उघडला की तिथून टाऊन हॉल. सीपीआर दवाखान्यासमोरचं ते गॉथिक बांधणीचं, टोकदार मनोऱ्यांचं. १८७२ ते ७६ मध्ये बांधलेलं. आत म्युझियम. इथं तिकीट आहे, तेव्हाही होतं, मान्य करतो, म्हणजे अगदी फुकट नाही. पण नाममात्र. आणि आज्जाची तिथल्या शिपायाशी ओळख होती, ती कशी ते मी कधी विचारलं नाही. तिथं एक वीतभर कांस्याची मूर्ती आहे. पोसायडन. समुद्राचा देव. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकाम झालं त्यात सापडलेली, रोमन बनावटीची. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पंचगंगेच्या काठावर बसून कुणीतरी रोमशी धंदा करत होतं. आज्जा त्या काचेसमोर मला उभा करायचा आणि म्हणायचा, "ह्यो बग. समुद्राचा द्येव. वाट चुकून हितं आलाय."

मी प्रत्येक वेळी विचारायचो, मग परत का गेला नाही?

"पाऊस लागला. म्हनून थांबला."

आता सांगा, माझ्या पोरानं आज रबराच्या ठिपक्यांचे मोजे घालून तासभर प्लॅस्टिकचे बॉल फेकले. मजा आली त्याला, खोटं का बोलू. घामाघूम झाला. पण रात्री जेवताना विचारलं काय केलंस, तर म्हणाला "खेळलो." संपलं. आणि मला आज्जानं दाखवलेला तो एक हात वर केलेला बुटका देव अजून झोपेत पण काढून दाखवता येईल.

कुणीतरी आता खाली लिहिणार, दादा जमाना बदलला, घरात मोबाईल आहे, टीव्ही आहे, घरीच बसवा की. बसवा ना. ज्यांची तीन बेडरूमची घरं आहेत त्यांनी बसवा. आमच्या गल्लीत अजून अशी घरं आहेत जिथं पावसात कौलं गळतात, तीन ठिकाणी पातेली लावावी लागतात, आणि एका खोलीत म्हातारा खोकतोय, दुसरीत सून स्वयंपाक करतीय. त्या पोरांनी कुठं जायचं? तो म्हातारा कुठं जाणार? आज्जाचं घर असंच होतं. म्हणून तर तो बाहेर पडायचा. हौस नव्हती त्याला इतिहासाची!

आणि ज्या मिलमध्ये त्यानं जन्म काढला ती? १९०६ साली शाहू महाराजांनी पाया घातलेली मिल, २००३ ला बंद पडली. कोटीतीर्थाजवळ ती २७ एकर जागा. तिथं महाराजांचं स्मारक होणार हे आपण इतकी वर्षं ऐकतोय की आता कुणी बोललं तरी कान टवकारत नाहीत. दगडी भिंती, केवढं मोठं आवार, आणि आत पावसाळ्यात पोरांना पाय ठेवायला जागा नाही. ज्या राजानं १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगं उभी केली, का, तर खेड्यातनं शिकायला आलेल्या पोराच्या डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणून, त्याच्या गावात माझ्या आईला बसायला पन्नास रुपये. दर २६ जूनला, महाराजांच्या जयंतीला, दसरा चौकात हार घालायला आपण सगळे पुढं. फोटो काढायला तर त्याहून पुढं.

जाऊ दे. चहा घेऊन आलो. जरा शांत झालोय.

हे म्हणायला पाहिजे की सगळं काही बंद नाही. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शनं लागतात, कला महाविद्यालयांच्या पोरांची असतात कितीतरी, आत जायला कुणी अडवत नाही. नुसतं जाऊन बघा, ती पोरं इतकी खूश होतात कुणी आलं म्हणून, तुमच्या पोराला धरून समजावून सांगतात की हा रंग असा का लावला. बाहेर पाऊस, आत दोनच माणसं, आणि आपण चौघं गेलो की त्यांची गर्दी झाली.

तालमी आहेत. गंगावेश, मोतीबाग. कुस्तीची मेहनत पावसानं थांबत नाही. आज्जा मला संध्याकाळी कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसवायचा. चपला बाहेर, बोलायचं नाही. ती लाल माती, तिच्यात तेल, हळद, लिंबू, ताक घातलेलं, पावसाळ्यात तिचा वास अख्ख्या खोलीत कोंदलेला असायचा. पोरं एकमेकांवर माती टाकून भिडायची आणि वस्ताद एका जागी बसून फक्त "खाली बस, खाली बस" म्हणायचे. वस्तादांना विचारून गेलं तर आजही कुणी हाकलणार नाही. पोरींना तिथं कसं नेणार, हे बहिणीनं लगेच विचारलं. बरोबर आहे तिचं. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

केशवराव भोसले नाट्यगृह असतं तर तिथल्या नाटकांच्या तालमींचं पण लिहिलं असतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यावर आज नको.

आणि पूर बघायला जाणं. हे तर आपल्या रक्तात आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती, ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका, राधानगरी धरणाच्या सातापैकी किती दरवाजे उघडले, हे कोल्हापूरच्या शेंबड्या पोराला पाढ्यांआधी पाठ असतं. फुकट आहे, खरं आहे, पण छपराखालचं नाही आणि २०१९ च्या महापुरानंतर मला ती मजा वाटत नाही. पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं ज्यानं बघितलं तो परत पुलावर वडापाव खात उभा राहणार नाही.

पण खरी जागा राहिलीच. कुंभार गल्ली! शाहूपुरीतली घ्या, गंगावेशची घ्या, बापट कॅम्प घ्या. पंधरा जणांपैकी एकाला हे सुचू नये याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. हेच दिवस आहेत. बाहेर धो धो आणि आत पत्र्याच्या शेडमध्ये गणपतीच गणपती. कोण गुडघ्यापर्यंत, कोण डोक्याच्या वर. मूर्ती वाळत नाहीत म्हणून पंखे लावलेले, मोठे बल्ब लावलेले, त्यामुळं आत उबदार. प्लॅस्टिकच्या कागदावर पावसाचा आवाज एवढा की ओरडून बोलावं लागतं.

मागच्या पावसाळ्यात मी आमच्या पोराला तिथं घेऊन गेलो होतो. एक माणूस डोळ्यांची आखणी करत होता. बाकी सगळी मूर्ती रंगून झालेली, फक्त डोळे पांढरे. आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती कारखान्यातला कुणीही करत नाही, त्याचा हात ठरलेला असतो. त्यानं मूर्ती पाटासकट थोडी उजेडाकडं फिरवली. बारीक ब्रश, तीन-चार केसांचा असेल. आधी वरची पापणीची रेघ, एका दमात. मग बाहुली. मग ब्रश धुतला, पुसला, आणि त्या काळ्यात एक पांढरा ठिपका ठेवला. ठेवला म्हणजे टेकवला नुसता. आणि तो गणपती आमच्याकडं बघायला लागला. आमचं कार्टं, जे कुठं दोन मिनिटं गप बसत नाही, ते माझा शर्ट धरून मागं सरकलं. मग हळूच म्हणालं, "पप्पा, दुसरा डोळा?"

दुसऱ्या डोळ्यापर्यंत आम्ही तिथनं हललो नाही. त्या माणसानं एकदाच वर बघितलं, पोराला एक रिकामं पोतं दिलं बसायला. तो पण आज्जाच्याच जातकुळीतला. तुला काय पाहिजे, किती वेळ थांबणार, काही नाही. बस म्हणाला, झालं.

आता कुंभार बांधव वाचत असतील तर म्हणतील, साहेब, सीझनचे दिवस, तुम्ही गर्दी आणली तर आमच्या मूर्तींना धक्के लागतील, कुणी तुमच्या पोस्टला भुलून यायला नको. तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणून जथ्थे नकोत.

तर असं करतोय. येत्या रविवारी सकाळी दहाला मी गल्लीतली पोरं घेऊन जातोय. ओळखीच्या एका कारखान्यात विचारून ठेवलंय, सहा-सात पोरं चालतील म्हणाले, जास्त नाही. मोठ्यांपैकी दोघं. कुणाला पाठवायचं असेल तर आजच सांगा, पहिल्या सहा जणांना घेणार, नंतर रुसायचं नाही. मूर्तीला हात लावायचा नाही, फ्लॅश मारून फोटो काढायचा नाही, आणि रील करणार असाल तर घरीच थांबा. जाताना त्यांच्या कामगारांसाठी भडंग आणि चहा मी नेतोय, त्याचे पैसे कुणी देऊ नयेत.

शनिवारी रात्री बंधाऱ्याचं पाणी ३९ च्या वर गेलं तर पोरांचा बेत रद्द. पण मग मोठ्यांनी यायचं. २०१९ ला आणि २०२१ ला त्या भागात पाणी शिरलं होतं, आणि तयार मूर्ती वर उचलून ठेवायला तेव्हा त्यांना माणसं कमी पडली होती. जुने कपडे घालून या, रंग लागतो.