आधी इंजिन, मग नळ

जेट-स्कीचं, म्हणजे पाण्यावर पळणाऱ्या स्कूटरचं, ऑईल बदलायला पाना लागतो, पंप लागतो, नवा फिल्टर लागतो, हे कुणीही सांगेल. नगरपालिकेचं पाणी लागतं, हे कुणी सांगत नाही.

मेव्हण्याचा तापोळ्याला, कोयना धरणाच्या जलाशयावर, बोटिंगचा धंदा आहे. पावसाळ्यात बोटिंग बंद झालं की त्याची जेट-स्की ट्रॉलीवर चढते आणि महाबळेश्वर, केळघर घाट, मेढा करत साताऱ्याला आमच्या अंगणात मुक्कामाला येते. तुळस आणि धुण्याचा दगड यांच्या मधोमध. "दाजी, पुण्याचा मेकॅनिक नुसतं यायचे जेवढे मागतो ना, तेवढ्यात तुमच्याकडं ऑईल, फिल्टर, प्लग सगळं होतंय," एवढं बोलून, चहा पिऊन तो निघून जातो. बायको माझ्याकडे बघते. माहेरची वस्तू आहे, हयगय चालणार नाही.

ट्रॉली गल्लीत वळली की माणसं जमतात. पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा. हिचा हिशेब किलोमीटरवर नसतो, तासावर असतो, असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर संशय येतो. पहिली सर्व्हिस १० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा. "म्हणजे रिक्षाच्या वेटिंगसारखं," शेजारच्या नानांनी निकाल दिला. मग ब्रेक कुठंय? हिला ब्रेक नाही. मग थांबते कशी? थांबते आपली हळूहळू. नाना दोन पावलं मागं सरकले, ट्रॉलीवर दोरीनं बांधलेली असताना.

सीट काढली की खाली इंजिन दिसतं. दिसतं एवढंच, हात पोचत नाही. मोटारसायकलचं ऑईल खालचा नट काढला की सुटतं. इथं इंजिनाखाली सलग फायबरचं बूड. तिथं भोक पाडायचं म्हणजे होडी बुडवायची. त्यामुळे डिपस्टिकच्या नळीत बारीक पाईप घालून ऑईल वरून पंपानं ओढायचं. गार ऑईल लवकर ओढलं जात नाही, म्हणून आधी इंजिन चालवून ते गरम करायचं. आणि खरी मेख इथं आहे. या इंजिनाला रेडिएटर नाही. ते तळ्याचंच पाणी आत ओढून थंड राहतं. पाण्याबाहेर १५ सेकंदांच्या वर चालवू नका, असं पुस्तकात चौकटीत छापलंय. सबब, बागेचा पाईप जोडायचा आणि नळ सोडायचा.

आमच्याकडे कासचं पाणी येतं, तेही सकाळी, ठरल्या वेळेला. कोयनेच्या धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यावर उन्हाळाभर बागडलेलं इंजिन साताऱ्यात आलं की आमच्याबरोबर नळाला पाणी यायची वाट बघत बसतं. त्या वेळी घरोघरी हंडे-पिंपं भरणं चाललेलं असतं. अशा मुहूर्तावर पिण्याचं पाणी गाडीच्या पोटात सोडणाऱ्या माणसाकडे गल्लीतल्या बायका कशा बघतात, ते लिहिण्यासारखं नाही.

पाण्याचा क्रम मात्र कडक. आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. कारण इंजिन बंद असताना नळ सोडला तर पाणी एक्झॉस्टमध्ये साठतं आणि मागल्या दारानं सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी काही दाबलं जात नाही. मग स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. खर्च ऐकून मेव्हणासुद्धा वाकेल.

नळ मागच्या मोरीत, इंजिन पुढच्या अंगणात, आणि नळावर आमचे अण्णा. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना मी क्रम सांगितला.

"आधी मशिन? कोरडं?" अण्णा म्हणाले. "अरे, विहिरीवरची मोटारसुद्धा आधी पाणी भरून मग चालू करतात. कोरडी फिरली तर पाणी उचलत नाही. कुठल्या शहाण्यानं लिहिलंय हे?"

"अण्णा, हे वेगळं असतं."

"पाणी पाण्यासारखंच असतं. मी आयुष्यभर दरवाजे उचललेत."

इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जाईना, म्हणून पुतण्याला टॉवेल देऊन मधल्या दारात उभं केलं. मी बटण दाबलं, टॉवेल हलला, आतून अण्णांचा आवाज आला, "विसर्ग सुरू!" आणि जेट-स्कीच्या मागून धार लागली. मी सुखावलो. तेवढ्यात सांगलीहून आत्याचा फोन. जुलैचा शेवट होता आणि पावसानं झोडपायला घेतलं की आत्या पेपरवर विश्वास ठेवत नाही, भावाला विचारते. कोयनेचे सहाही दरवाजे किती फुटांनी उचलले, आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला कधी लागेल, ४५ ची धोका पातळी गाठेल का, गाद्या माडीवर न्यायच्या का. अण्णा नळ तसाच सोडून बाहेरच्या खोलीत क्युसेक सांगत बसले. पुतण्या टॉवेल हलवतोय, मी हातवारे करतोय, आणि बघता बघता मागची धार बारीक झाली. पाणी गेलं.

मी झडप घालून इंजिन बंद केलं.

अण्णा फोन ठेवून आले, ओल्या फरशीकडे बघितलं आणि म्हणाले, "बघ. आधी पाणी बंद झालं, मग मशिन. तुझ्या पुस्तकाबरहुकूम झालं की नाही?"

पुढचं काम त्यामानानं बिनबोभाट. फिल्टर सोडताना त्यातलं ऑईल बुडात सांडतं, म्हणून आधीच त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. ती वाण्याची पातळ नको, साडीच्या दुकानाची जाड हवी. हातातून वॉशर निसटला की टण, टण, टुक असा आवाज येतो. त्यातला 'टुक' म्हणजे तो बुडात पोचला. मग सुतळीला लोहचुंबक बांधून गळ टाकायचा. चुंबकाला वॉशर लागला नाही, मागच्या वर्षीचा पाना लागला. मेव्हण्यानं तेव्हा तो हरवल्याचा आळ पुतण्यावर घेतला होता. पुतण्यानं पाना पुसला, उशाखाली ठेवला आणि मामा कधी येणार म्हणून विचारायला लागला.

खालची जाळी काढली तर आत शेवाळ, मासेमारीची नायलॉनची दोरी आणि कुण्या पर्यटक बाईची जरीच्या काठाची ओढणी. दोरी पाणी मागं फेकणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर इतकी घट्ट बसली होती की ब्लेडनं एकेक वेढा कापावा लागला. पंखा आणि बाहेरचं कडं यांच्यात एक मिलिमीटरसुद्धा फट नसते. ती वाढली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढं जात नाही. पात्याच्या कडेला दगडानं पडलेली खाच नखाला लागत होती. ती कानशीनं अलगद घासली. ओढणी बायकोनं धुऊन वाळत घातली. माहेरच्या तळ्यातली आहे म्हणे.

राहिलं जळकं ऑईल. तीन-साडेतीन लिटर असेल नसेल, पण गल्लीत बातमी गेली. नानांना फाटकाच्या बिजागऱ्यांना हवं, समोरच्यांना वाशांना वाळवी लागू नये म्हणून हवं, कोपऱ्यावरच्या बांधकामाच्या मुकादमाला सेंट्रिंगच्या प्लेटांना हवं. गल्लीच्या पार शेवटी सुतार राहतो, त्यानंही डबा पाठवला. आवाज चढायला लागले तसे अण्णा खुर्ची घेऊन अंगणात बसले.

"भांडायचं नाही. पाळीनं मिळेल. आणि पाळी कालव्याच्या टेलकडून, शेवटच्या टोकाकडून सुरू होते."

सुताराचा डबा काठोकाठ भरला. नानांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, म्हणजे हेडला, कालव्याच्या तोंडाशी. त्यांच्या वाट्याला खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली आली, आणि ते अर्ज कुणाकडे करायचा, ते विचारत होते.