साईटनोटीस आणि भरीत

भुसावळला जन्म गेला, त्यामुळे ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ हीच माझी अंगाई. ध्यान कोणी देत नाही, हेही तेव्हाच कळलेलं. तरी आमच्या विकीचा प्रचालक (जादा अधिकार असलेला संपादक) झाल्यावर साईटनोटीसचं, म्हणजे प्रत्येक पानाच्या डोक्यावर झळकणाऱ्या पट्टीचं, धोरण ठरवायची हौस मलाच आली. मे महिना, बाहेर ४५ अंश, कूलरमधलं पाणी संपलेलं. दुसरं काय होणार?

चावडीवर, म्हणजे विकीच्या चर्चेच्या पानावर, प्रस्ताव टाकला. पट्टी कशासाठी, किती दिवस, कोणी चढवायची? दोन दिवस सामसूम. मग कुणीतरी ‘पट्टी’ शुद्ध की ‘फलक’, असं विचारलं आणि सगळे धावून आले. धुळ्याचे भाऊ तेवढे मुद्द्याचं बोलले, “पट्टीनं काय व्हस भाऊ? लोक ‘लपवा’ दाबतस.” त्यावर एकाने इंग्रजी विकिपीडियाचा दाखला काढला. १८ जानेवारी २०१२ ला अमेरिकेतल्या प्रस्तावित कायद्यांचा निषेध म्हणून त्यांनी चोवीस तास अख्खी साईट काळी ठेवली होती. आम्हाला लावायची होती जळगावच्या कार्यशाळेची सूचना.

मेमधली चर्चा भरिताची वांगी बाजारात येईस्तोवर चालली. शेवटी कौल लागला: एका वेळी एकच पट्टी, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि चढलेल्या मजकुराला सहमतीशिवाय हात लावायचा नाही. हे शेवटचं कलम माझं. त्याचा मला फार अभिमान होता.

पहिली पट्टी मीच चढवली: ‘रविवारी संपादन कार्यशाळा, नंतर भरती.’

भरीत लिहायचं होतं हो! वेलांटी एक घर पुढे सरकली. तासाभरात विचारणा सुरू: जागा किती, वयाची अट काय, बारावी चालेल का? दुरुस्तीसाठी चावडीवर गेलो तर माझंच कलम मला वाचून दाखवण्यात आलं. सहमतीला तीन दिवस लागले. मजकूर सुधारला, तरी ज्यांनी ‘लपवा’ दाबलं होतं त्यांना तो दिसेना. त्यासाठी पट्टीचा क्रमांक वाढवावा लागतो. क्रमांक हा मजकूर की नाही, यावर नवी चर्चा उघडली गेली.

रविवारी वीस जणांचं भरीत लाकडी बडगीत कुटून तयार होतं. दारात साठेक पोरं, प्रत्येकाच्या काखेत मूळ कागदपत्रांची फाईल. कळण्याच्या भाकरी अर्ध्या-अर्ध्या करून वाढल्या.

धुळ्याचे भाऊ कांद्याची पात चावत शेजारी येऊन बसले.

“वाचतस भाऊ लोक.”