दार फुगलं होतं, नोकरी गेली नव्हती

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, "एक दार बंद झालं ना, की देव दुसरं उघडतो बघ."

मी म्हटलं, "काका, बंद होत नव्हतं हीच तर तक्रार होती."

काका हसले नाहीत. उलट मान अशी हलवली की बिचारा, विनोद करून दुःख लपवतोय. तेवढ्यात चौथा मजला आला, ते उतरले आणि पुढे सहाव्यापर्यंत मी एकटाच लिफ्टच्या आरशात स्वतःचं तोंड बघत गेलो.

तर दार. बेडरूमचं. डोंबिवलीत जुलै लागला की दारं फुगतात, यात नवीन काही नाही, पण यंदा ते एवढं अडकायला लागलं की रात्री लावायचं तर खांदा द्यावा लागायचा आणि सकाळी उघडलं की अख्खी बिल्डिंग जागी. सुताराला फोन केला. तो म्हणाला, उद्या येतो साहेब. हा उद्या मी पुढचे अकरा दिवस रोज ऐकला. बाराव्या दिवशी, मंगळवारी, ऑफिसात सुट्टी टाकली आणि ठरवलं की आपणच करायचं, त्यात काय एवढं, व्हिडिओ बघितलेत आपण.

व्हिडिओंबद्दल आधी एक सांगतो, कारण त्यात माझे पैसे गेलेत. ते सगळे तिकडच्या लोकांचे असतात. त्यांच्या भिंती आतून पोकळ, लाकडाच्या उभ्या दांड्यांवर बोर्ड ठोकलेले, म्हणून ते भिंतीवर एक यंत्र फिरवतात आणि दांडी आली की ते यंत्र वाजतं. मी ते ऑनलाइन मागवलं होतं. आमच्या भिंती विटांच्या. यंत्र एकतर कुठेच वाजायचं नाही, नाहीतर सगळीकडे वाजायचं, एकदा तर आईच्या हातातल्या बांगड्यांवर वाजलं. आपल्याकडे भिंतीत भोक पाडायला यंत्र लागत नाही, एवढं बघायचं की स्विचबोर्डच्या बरोबर वरच्या रेषेत ड्रिल घालायचं नाही, कारण वायरचा पाइप बहुतेक तिथूनच सरळ वर गेलेला असतो. हे मला कुठल्या व्हिडिओने सांगितलं नाही, हे मला अख्ख्या घराच्या गेलेल्या लाइटने सांगितलं. पण तो वेगळा विषय.

दाराची कड तासायची म्हणून रंधा आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथे गिऱ्हाइकाला वस्तू मिळायच्या आधी तोंडी परीक्षा होते. "रंधा कोणाला पाहिजे?" "मला." "नाही, म्हणजे वापरणार कोण?" "मीच." मग त्याने माझ्या हातांकडे बघितलं. जाताजाता स्क्रू पण घेऊ म्हटलं, मी म्हणालो ३५ एमएमचे द्या, तर तो म्हणतो सव्वा इंची की दीड? आता ३५ म्हणजे धड सव्वा नाही, धड दीड नाही. मी गप्प. माझ्यामागे एक खरा सुतार उभा होता, तो म्हणाला "ह्यांना दीड दे", म्हणजे मी तिथे नव्हतोच. ही माणसं सुतात बोलतात, एका इंचाला आठ सूत, आणि त्यांच्या डोळ्यातच सूत असतं, आपण टेप लावून १२ एमएम म्हणेपर्यंत ते नुसतं बघून चार सूत म्हणून मोकळे.

दार काढणं मात्र मला जमलं, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे. दाराखाली आधार द्यायचा, मग खालच्या बिजागरीचे स्क्रू आधी काढायचे आणि वरचे शेवटी, उलट केलं तर दार अंगावर येतं. आधाराला मी जुने दिवाळी अंक घातले. उंची जमेना म्हणून मधून दोन काढले, एक ज्योतिष विशेषांक परत घातला, नेमकं बसलं. घरात जागा नाही म्हणून दार बाहेर पॅसेजमध्ये नेऊन दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या मधे आडवं उभं केलं, अंगात कंपनीने मॅरेथॉनला दिलेला टीशर्ट (काखेत फाटलेला), खाली हाफपँट, आणि सुरू.

साधारण दहाव्या मिनिटाला काका आले. लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढत होते म्हणाले, पण ते राहतात चौथ्यावर आणि मी सहाव्यावर.

"काय रे, स्वतः?"

"हो काका, फुगलंय जरा."

"सुतार नाही मिळाला?"

"येतो म्हणतो, येत नाही."

"घेतो किती?"

"सातशे म्हणाला."

काका गप्प झाले. त्यांनी टीशर्ट बघितला, काख बघितली. मग अगदी हळू आवाजात, "आज मंगळवार ना?"

"हो."

"ऑफिस?"

"सुट्टी घेतलीये."

"घेतलीये, की..." आणि वाक्य तिथेच सोडलं. जिन्यात, माझ्या आणि त्यांच्या मधे, लोंबकळत.

मी म्हटलं घेतलीये हो, दाराला. स्वतःलाच ते खोटं वाटलं. दारासाठी कोणी सुट्टी घेतं का? काकांनी मग माझ्याच घरातून स्टूल आणलं आणि बसले. दीड तास बसले. मधे बायकोने चहा पाठवला तोही घेतला.

आता मला खरा राग कशाचा आहे ते सांगतो. काकांना सगळं येत होतं. मी रंधा मारत होतो आणि लाकूड गुळगुळीत व्हायच्या ऐवजी उपटून येत होतं, तर ते म्हणाले, "उलटा मारतोयस, रेषा तिकडे चाललीये, तू इकडून ये." मी दुसऱ्या बाजूने आलो आणि अहो, लोण्यासारखं. पुरीच्या कडेएवढ्या पातळ ढलप्या गोल गोल वळून पडायला लागल्या. मग त्यांनी सांगितलं की लाकूड फुगतं ते रुंदीत, उंचीत जवळजवळ नाहीच, आणि दाराच्या वरच्या नि खालच्या कडेला रंग कोणी मारत नाही कारण ती दिसत नाही, आणि नेमकी तिथूनच ओल आत शिरते. हे सगळं बरोबर. हे सगळं ऐकून मला चीड येत होती, कारण ते दर वाक्याच्या शेवटी "असो, आता तुला वेळ आहे, शिकशील" म्हणत होते.

मग त्यांनी मोबाइल काढला. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो हे सोसायटीतल्या मांजरांनाही माहीत आहे. फोटोत मुलगा डोळ्यावर पिवळा चष्मा, हातात ड्रिल, मागे लाकडाचा अख्खा ओटा, घरामागच्या अंगणात स्वतः बांधलेला. "सगळं स्वतः केलं पोराने. सहा वीकेंड. तिकडे असंच असतं, श्रमाला किंमत आहे, कोणी लाजत नाही." फोटो झूम करून एक एक स्क्रू दाखवला. पोरगा काय मस्त आहे, लेव्हल काय परफेक्ट आहे. आणि फोन खिशात ठेवून माझ्याकडे वळून, "पण तुझं खरं सांग, घरी माहीत आहे ना?"

म्हणजे त्याने फळी कापली की श्रमप्रतिष्ठा आणि मी कापली की कॉस्ट कटिंग. तो सहा वीकेंड राबला तर कर्तबगार, मी एक मंगळवार राबलो तर बेकार. तो तरी स्वतः का करतो, तिकडे सुताराचे पैसे परवडत नाहीत म्हणूनच ना थोडंफार? पण ते बोलायचं नाही. आपल्याकडे हातात स्क्रू ड्रायव्हर असलेला माणूस एकतर सुतार असतो, नाहीतर चिक्कू, नाहीतर अडचणीत.

शाळेत आम्हाला कार्यानुभव नावाचा विषय होता. तो तास गणिताच्या बाई घ्यायच्या, गणितासाठी. वर्षातून दोनदा फक्त खडू आणि मेणबत्त्या करायला लावायच्या, साहेब तपासणीला यायचे तेव्हा. गंमत अशी की अडकणाऱ्या दाराला लागतात त्या बरोबर ह्याच दोन वस्तू. चौकटीवर खडू घासायचा, दार लावून उघडायचं, दारावर जिथे पांढरं उमटेल तिथेच घासतंय. मग रंधा हातात घ्यायच्या आधी त्या जागी मेणबत्ती चोळायची, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पावसात फार तासू नये, ऑक्टोबरच्या उन्हात दार परत आकसतं आणि फट राहते. एवढं जर बाईंनी सांगितलं असतं तर माझं गणित काही अजून बिघडलं नसतं.

मी मेणबत्ती वगळून थेट रंध्यावर गेलो होतो. कडेला खडू उमटला होता वरच्या कोपऱ्यात, फक्त वरच्याच, आणि मी तिथे चांगलं दोन सूत लाकूड काढलं. घाम पुसत म्हटलं, झालं. तेव्हा काका स्टुलावरून उठले, चौकटीपाशी गेले, वरच्या बिजागरीच्या जागी बोट घातलं आणि म्हणाले, "ह्या भोकांमध्ये स्क्रू नुसता फिरत असणार. दार फुगलं थोडंसंच रे. कललंय. म्हणून वरचा कोपरा घासत होता."

"मग आता?"

"आता काय, काडेपेटीच्या काड्या घे, गुल उडव, फेव्हिकॉल लावून भोकात ठोक, वर आलेल्या तोड, रात्रभर वाळू दे आणि उद्या त्यातच स्क्रू पिळ. धरून बसेल. तासायची गरजच नव्हती."

"काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं तुला वेळ घालवायचाय."

मी रंधा खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला, याची नोंद व्हावी.

काड्या ठोकल्या. रात्र बिनदाराच्या बेडरूममध्ये काढली, आई दोनदा पाणी प्यायला उठली आणि दोन्ही वेळा "झोपा झोपा" म्हणाली. बुधवारी सकाळी दार चढवलं, आणि खरंच, एका बोटाने लागतं. फक्त वरच्या कोपऱ्यात आता फट आहे. हॉलमधल्या ट्यूबलाइटचा एक पट्टा रात्री बरोबर माझ्या डोळ्यावर येतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बायकोला थांबवून डबाभर शिरा दिला आणि म्हणाल्या, "तू खंबीर राहा." सेक्रेटरींनी स्वतःहून फोन करून मेंटेनन्स दोन हप्त्यात दिला तरी चालेल म्हणून सांगितलं, जे त्यांनी करोनातही सांगितलं नव्हतं. शिरा चांगला होता. मेंटेनन्सबद्दल मी अजून काही खुलासा केलेला नाही.

आणि आज सकाळी, बेल. सुतार. त्याचा उद्या उगवला होता. म्हटलं आलाच आहात तर या फटीला पट्टी मारून द्या. त्याने दार उघडलं, लावलं, कडेवरून अंगठा फिरवला, पहिल्या दहा मिनिटांत मी उलटा रंधा मारून जे उपटलं होतं तिथे अंगठा थांबला.

"साहेब, हे कोणी केलं?"

"आला होता एक जण."

"पैसे नाही ना दिले?"

"नाही."

"बरं केलंत. असल्यांना घरात घेऊच नका."

पट्टीचे नऊशे सांगितलेत. उद्या येतो म्हणालाय.