आकडेवाल्याला दोष देण्याआधी

एप्रिल २०२३ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे मुख्य अर्थतज्ज्ञ ह्यू पिल एका पॉडकास्टमध्ये बोलून गेले की आपण आधीपेक्षा गरीब झालो आहोत हे ब्रिटनच्या लोकांनी आता मान्य करायला हवं. पगारवाढ मागून किंवा किमती वाढवून हा भार एकमेकांवर ढकलत राहिलात तर महागाई जाणार नाही, असा त्यांचा मुद्दा. सहाच महिन्यांपूर्वी तिथला महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला होता, चार दशकांतला सर्वांत जास्त. अर्थशास्त्र म्हणून पिल फारसं चुकीचं बोलले नव्हते. बाहेरून आणायचं इंधन महागलं की देश तेवढा गरीब होतोच. पण लोक भयंकर संतापले, आणि माझ्या मते बरोबरच संतापले. "आपण" म्हणणाऱ्या माणसाला त्या गरिबीची झळ किती बसणार आहे, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. पुढे पिल यांनीच सांगितलं की संधी मिळाली तर शब्द थोडे वेगळे वापरले असते.

हल्ली अर्थव्यवस्थेबद्दल कुठलाही आकडा आला की खाली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "सगळं खोटं आहे." देश कुठलाही असो, सरकार कुठल्याही पक्षाचं असो. मला हा राग समजतो. मात्र तो बऱ्याचदा चुकीच्या माणसावर निघतो असं मला वाटतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

महागाईचंच बघा. सरकार सांगतं, दर अकरावरून तीनवर आला. लोक म्हणतात, कुठे आला? गेल्या वर्षी जे महागलं ते आजही तितकंच महाग आहे, उलट थोडं वाढलंच आहे. दोघंही खरं बोलताहेत. दर उतरतो म्हणजे वाढीचा वेग कमी होतो, किमती मागे येत नाहीत. माणूस मात्र आजच्या किमतीची तुलना मागच्या महिन्याशी करत नाही, सगळं परवडत होतं त्या काळाशी करतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात नाहीच. ही तफावत समजावून सांगायची जबाबदारी कुणाची होती? मंत्र्यांची, बँकेच्या गव्हर्नरांची, टीव्हीवरच्या तज्ज्ञांची. त्याऐवजी त्यांनी आकड्याचा मानपत्रासारखा उपयोग केला.

दुसरी एक गोष्ट यापेक्षा खोल आहे आणि तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. बहुतेक देशांत महागाईचा निर्देशांक काढताना वस्तूंना जे वजन दिलं जातं ते एकूण खर्चातल्या त्यांच्या वाट्यावरून ठरतं. म्हणजे जो जास्त खर्च करतो त्याच्या खर्चाचा ठसा सरासरीवर जास्त उमटतो. इथे माणशी एक मत नाही, खर्चलेल्या पैशामागे एक मत आहे. जीवनावश्यक वस्तू भडकल्या आणि चैनीच्या वस्तू स्थिर राहिल्या, तर गरीब घराची महागाई सरकारी आकड्यापेक्षा जास्त असते. हे कारस्थान नाही, मोजण्याची पद्धत आहे आणि ती जाहीर आहे. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने तर प्रत्येक कुटुंबाला सारखं वजन देणारा वेगळा निर्देशांकही काढायला घेतला. पण बातमीत येतो तो जुनाच आकडा. म्हणून "माझी महागाई वेगळी आहे" असं कुणी म्हणालं की त्याला अडाणी ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. त्याची महागाई खरंच वेगळी असते.

बेरोजगारीचंही तसंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केलं असेल तरी माणूस रोजगारात धरला जातो. देशादेशांची तुलना करायला ही व्याख्या सोयीची आहे. पण आठवड्यात जेमतेम काही तास काम मिळालेल्या माणसाने "बेरोजगारी घटली" हे वाचल्यावर काय करायचं?

आणि जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांची एकूण किंमत. २०१६ च्या जुलैमध्ये आयर्लंडने जाहीर केलं की आदल्या वर्षी त्यांची अर्थव्यवस्था २६.३ टक्क्यांनी वाढली. सव्वीस! काही बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपल्या पेटंटसारख्या मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवल्या होत्या, हे त्याचं मुख्य कारण. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हिशेब चोख होता आणि सामान्य आयरिश माणसाच्या आयुष्याशी त्याचा संबंध जवळजवळ शून्य. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने पुढे हा फुगवटा वगळून राष्ट्रीय उत्पन्नाचं वेगळं माप तयार केलं. मला हे फार आवडतं. आपलाच आकडा दिशाभूल करतोय हे ओळखून दुसरा आकडा शेजारी ठेवणारं सरकारी कार्यालय असतं, हे "सगळं खोटं" म्हणणाऱ्यांना माहीतच नसतं.

ब्रेक्झिटच्या सार्वमताआधी न्यूकॅसलमधल्या एका सभेत प्राध्यापक आनंद मेनन सांगत होते की युरोपीय संघातून बाहेर पडलो तर जीडीपी घसरेल. श्रोत्यांतली एक बाई ओरडली, तो तुमचा जीडीपी, आमचा नव्हे. हा किस्सा पुढे लोकांच्या अज्ञानाचा नमुना म्हणून खूप सांगितला गेला. मला तर त्या बाईचं वाक्य अर्थशास्त्रातल्या एका जुन्या इशाऱ्याच्या अगदी जवळचं वाटतं. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत ज्यांनी उभी केली त्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी सिनेटला दिलेल्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण क्वचितच ताडता येतं. ऐंशी वर्षांनी तेच एका सभेत ओरडून सांगावं लागलं.

तज्ज्ञांची पत गेली ती काही व्हॉट्सॲपमुळे नाही. २००७ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नांके म्हणत होते की सबप्राइम कर्जांच्या, म्हणजे परतफेडीची खात्री नसलेल्यांना दिलेल्या गृहकर्जांच्या, अडचणींचा घरबाजारावर होणारा परिणाम मर्यादित राहील. सव्वा वर्षात लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या राणीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विचारलं की हे येतंय ते कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही. अर्थशास्त्रज्ञांनी तिला पत्राने उत्तर दिलं, पुढच्या जुलैमध्ये. पुन्हा २०२१ मध्ये महागाई तात्पुरती आहे असं फेडने महिनोन्‌महिने सांगितलं आणि २०२२ च्या जूनमध्ये ती ९.१ टक्के झाली. यातून नोकरी कुणाची गेली, घर कुणाचं गेलं आणि पदावर कोण राहिलं, हे लोक विसरत नाहीत. विसरूही नये.

इथवर मी अविश्वास करणाऱ्यांच्या बाजूने आहे. पुढे नाही.

कारण आकड्यांत खरोखरच लबाडी होते तेव्हा ती कशी दिसते हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्यासाठी आधी आकडे काढणारी माणसं हलवावी लागतात. सोव्हिएत संघात १९३७ च्या जानेवारीत जनगणना झाली. लोकसंख्या भरली सुमारे १६ कोटी २० लाख, स्टालिनच्या दाव्यांपेक्षा कितीतरी कमी. १९३२-३३ च्या दुष्काळात मेलेली माणसं त्या फरकात होती. जनगणना रद्द झाली, ती करणाऱ्यांना अटक झाली, जनगणना विभागाचे प्रमुख क्विटकिन यांना गोळी घातली गेली. दोन वर्षांनी नवी जनगणना झाली आणि तिचा आकडा बरोब्बर हवा तेवढा आला.

ग्रीसची गोष्ट तर उलटी आहे आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. २००९ च्या वसंतात सरकारी तूट जीडीपीच्या ३.७ टक्के सांगितली जात होती. ऑक्टोबरमध्ये आलेल्या नव्या सरकारने ती १२ टक्क्यांच्या वर असल्याचं कबूल केलं. आंद्रेयास जॉर्जिऊ यांनी २०१० मध्ये सांख्यिकी कार्यालयाची सूत्रं घेतली आणि युरोपीय नियमांप्रमाणे हिशेब करून १५.४ टक्के हा आकडा दिला. युरोस्टॅटने, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने, तो निःशंकपणे स्वीकारला. मग खटले कुणावर झाले? आधीचा खोटा हिशेब देणाऱ्यांवर नाही, जॉर्जिऊंवर. तूट मुद्दाम फुगवून देशाला संकटात लोटलं असा आरोप. वर्षानुवर्षं ते कोर्टात खेटे घालत राहिले आणि २०१७ मध्ये त्यांना दोन वर्षांची निलंबित शिक्षा झाली ती आकडे कार्यालयाच्या मंडळापुढे मतदानाला न ठेवल्याबद्दल. तुटीचा आकडा मतदानाने ठरवायचा! काटकसरीच्या चटक्यांनी पोळलेल्या लोकांना बळी हवा होता आणि राजकारण्यांना तो देणं सोयीचं होतं.

आणखी एक प्रकार आहे, खोटा आकडा न देता आकडाच न देण्याचा. चीनमध्ये २०२३ च्या जूनमध्ये शहरी तरुणांची बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि ऑगस्टमध्ये तो आकडा जाहीर करणंच थांबलं. पुढच्या जानेवारीत विद्यार्थी वगळून नव्या पद्धतीने तो परत आला, १४.९ टक्के. भारतात २०१७-१८ च्या पाहणीतला ६.१ टक्के बेरोजगारीचा आकडा अडकून पडला, त्यावरून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी २०१९ च्या जानेवारीत राजीनामे दिले आणि अहवाल अधिकृतपणे आला तो निवडणूक आटोपल्यावर, मे अखेरीस. त्याच वर्षीची कुटुंबांच्या खर्चाची पाहणी तर दर्जाचं कारण देऊन बासनात गुंडाळली गेली. १९५० पासून नमुना पाहणी करणाऱ्या आणि संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांमुळे जगाने ज्याच्याकडून ती शिकावी अशा देशात हे झालं, याचं मला जास्त वाईट वाटतं. पण एक लक्षात घ्या. दडवावा लागला, याचा अर्थ आतल्या माणसांनी तो खरा मोजला होता.

आता अमेरिकेकडे या. १ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या कामगार सांख्यिकी विभागाने जुलैचे रोजगाराचे आकडे दिले आणि सोबत मे-जूनचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली आणले. ट्रम्प यांनी त्याच दिवशी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकलं. आकडे बनवलेले आहेत म्हणाले. गंमत म्हणजे आदल्या वर्षी, बायडेन असताना, याच विभागाने वर्षभराचा रोजगार ८ लाख १८ हजारांनी जास्त मोजला गेल्याचा प्राथमिक अंदाज दिला होता. दोन्ही वेळा दुरुस्ती खालीच होती आणि दोन्ही सरकारांना अडचणीची होती. कारस्थान असेल तर ते नेमकं कुणासाठी होतं?

ही दुरुस्तीच लोकांना सर्वांत संशयास्पद वाटते. "महिन्यापूर्वी एक सांगितलं, आता दुसरंच." प्रत्यक्षात हजारो कंपन्यांकडून माहिती मागवली जाते, काही वेळेवर देतात, काही उशिरा. पहिला आकडा आलेल्या उत्तरांवरून काढतात, उरलेली उत्तरं आली की तो सुधारतात. नसता सुधारला तर कुणालाच पत्ता लागला नसता. स्वतःची चूक अशी जाहीर तारीख लावून सांगणारं दुसरं कुठलं सरकारी खातं तुम्हाला माहीत आहे? मला नाही.

आपली, म्हणजे लोकांची, लबाडीही थोडी सांगायला हवी. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ ग्राहकांचा आशावाद मोजतं. सरकार बदललं की दोन्ही पक्षांच्या समर्थकांची मतं आपापली जागा बदलतात, अर्थव्यवस्था आहे तिथेच असली तरी. २०१७ च्या मार्चमध्ये रोजगाराचा चांगला आकडा आल्यावर ट्रम्प यांचे प्रवक्ते त्यांच्याच शब्दांत म्हणाले होते की हे आकडे पूर्वी खोटे असतील, आता मात्र अगदी खरे आहेत. पत्रकार हसले. आपलं ते बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या मित्रयादीत डोकावून पाहा, अशी माणसं दोन्ही बाजूंना सापडतील.

आणि या सरसकट संशयाची किंमत आता आकड्यांतच दिसायला लागली आहे. ब्रिटनच्या श्रमशक्ती पाहणीला एके काळी निवडलेल्यांपैकी जवळपास निम्मी घरं उत्तर देत. २०२३ मध्ये ते प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास आलं आणि ऑक्टोबरमध्ये त्या पाहणीवरचे नेहमीचे आकडे प्रसिद्ध करणं थांबवावं लागलं. व्याजदर ठरवणाऱ्यांना देशात किती लोक कामावर आहेत हे नीट कळेना. लोक उत्तर देत नाहीत म्हणून आकडा कच्चा होतो, आकडा कच्चा म्हणून विश्वास आणखी उडतो. यात सरकारचं फार बिघडत नाही, ते घोषणांवर भागवतं. ज्याला "आमच्याकडे काम नाही" हे सिद्ध करायचं असतं त्याच्या हातचं शस्त्र मात्र जातं. आकड्याला काही किंमतच नसेल तर तुमचा अनुभव विरुद्ध मंत्र्याचं भाषण एवढंच उरतं, आणि माइक मंत्र्याकडे असतो.

अर्जेंटिनाने हे पूर्ण भोगलंय. २००७ च्या सुरुवातीला सरकारने महागाई मोजणाऱ्या विभागाच्या प्रमुख ग्रासिएला बेव्हाक्वा यांना हटवलं. त्यानंतर सरकारी महागाई दहाच्या आसपास रेंगाळत राहिली आणि खासगी अंदाज वीस-पंचवीसवर. देशाच्या कर्जरोख्यांतला बराच हिस्सा महागाईच्या दराशी जोडलेला होता, त्यामुळे आकडा कमी दाखवला की व्याजही वाचत होतं. स्वतंत्र अंदाज छापणाऱ्या सल्लागारांना दंड झाले. मग विरोधी खासदारांनी संसदीय संरक्षणाच्या आडोशाने त्या खासगी अंदाजांची सरासरी दर महिन्याला जाहीर करायला सुरुवात केली. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अर्जेंटिनाची औपचारिक निर्भर्त्सना केली.

२०१५ च्या अखेरीस सरकार बदललं. नव्या सरकारने सांख्यिकी आणीबाणी जाहीर केली आणि काही महिने महागाईचा सरकारी आकडा दिलाच नाही; विश्वास ठेवावा असा आकडा आमच्याकडे नाही, असं सांगितलं. २०१६ च्या जूनमध्ये तो परत सुरू झाला. पहिलाच आकडा आला मे महिन्याचा, एका महिन्यात ४.२ टक्के वाढ. नव्या सरकारला तो चांगलाच बोचला असणार. तरी तो छापला गेला.