यंत्रावरची पिल्लंही हाकेला येतात

परसातल्या कोंबडीपालनाच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मशीनवर उबवलेल्या पिल्लांना आई नसते, म्हणून ती कधीच हाकेला येत नाहीत. माणसाळवायचीच असतील तर रोज उचलून कुरवाळा, उताणं धरल्यावर गप्प पडलं की ते माणसाळलं समजा. हाक शिकवायला एक दिवस उपाशी ठेवा. आणि एकदा शिकली की खाऊ बंद केला तरी चालतं. गिरिराज, वनराज किंवा कावेरी अशा परसात पाळायच्या जातींची एक दिवसाची पिल्लं आणणाऱ्याने हे ऐकलं, तर पिल्लं बुजतील आणि त्यातली काही दगावतीलही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘आई नाही, म्हणून हाक नाही.’ खरं तर आई नसलेलं पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांत जे हलताना-बोलताना दिसतं त्याच्याच मागे लागतं. डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज प्राणी-अभ्यासकाने 1873 मध्ये हे लिहून ठेवलं आहे. त्याने काही पिल्लांचे डोळे जन्मल्यापासून टोपीने झाकून ठेवले. लवकर टोपी काढलेली पिल्लं त्याच्याकडे धावत आली. जवळजवळ चार दिवसांनी काढली तेव्हा मात्र पिल्लं घाबरून उलट्या दिशेला पळाली. चौथ्या दिवसाच्या आसपास अनोळखी गोष्टीची भीती जागी होते. म्हणजे हॅचरीतून पिल्लं घरी येतात तोच सगळ्यात मोलाचा काळ, आणि नेमके ते दिवस ‘अजून लहान आहेत’ म्हणत वाया घालवले जातात.

आवाजाचंही तसंच. कोंबडी पिल्लांना टिपायला बोलावते तेव्हा कुक-कुक-कुक असा खालच्या पट्टीतला, तुटक, भरभर आवाज काढते. अशा आवाजाची ओढ यंत्रावरच्या पिल्लालाही उपजत असते, आणि लांबलचक चिरक्या आवाजाने ते दचकतं. म्हणून हाक ठरवताना ‘ये ये ये ये’ किंवा ‘कु कु कु’ असं काहीतरी आखूड, हळू आणि रोज तेच घ्यावं. घरातल्या सगळ्यांनी एकच हाक वापरावी. एकाची शिट्टी, दुसऱ्याची टाळी असं झालं की पिल्लांना काहीच कळत नाही.

पहिले तीन दिवस एवढंच करायचं: ब्रूडरमध्ये (पिल्लांच्या उबेच्या पेटीत) कागदावर चिमूटभर चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, टाकायचं आणि हाक मारत त्यावर बोटाच्या टोकाने टकटक करायचं. पिल्लू आधी बोटाकडे मान तिरकी करून एका डोळ्याने बघतं, मग नखावर एक टोच मारतं, मग शेजारचा दाणा उचलतं. पहिला आठवडा पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सियस ऊब ठेवावी, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी कमी करावी. बल्बखाली गर्दी करून चिवचिवणारं किंवा चोच उघडी टाकून कडेला धापा टाकणारं पिल्लू काही शिकत नाही; आधी ऊब नीट करा. चौथ्या दिवसापासून तळहात उताणा करून जमिनीवर ठेवा, खाद्य हातावर. सगळी बिनधास्त येऊ लागली की हाक हातभर अंतरावरून, मग दोन पावलांवरून. बाहेर सोडण्याच्या वयाची झाली की आधी जाळीच्या आत दहा पावलांवरून, आणि तिथे सगळी धावत आली तरच मोकळं परस.

खुडूक कोंबडीखाली वाढलेली पिल्लं जास्त माणसाळतात, हाही समज अर्धवट आहे. ती पिल्लं आईचं बघून वागतात. आई माणसाला बुजत असेल तर पिल्लंही बुजतात. तेव्हा रवणीला (अंडी उबवायला) बसवायच्या कोंबडीलाच आधी हाकेची सवय लावावी.

‘उचला, कुरवाळा, उताणं धरा.’ यातला शेवटचा भाग सगळ्यात घातक. उताणं धरल्यावर पिल्लू थिजतं ते भीतीने. शिकाऱ्याच्या पकडीत मेल्यासारखं पडून राहण्याची ती उपजत प्रतिक्रिया आहे. अथानासिउस किर्खर या जर्मन विद्वानाने 1646 मध्येच जमिनीवर दाबून धरलेली, समोर खडूची रेघ ओढल्यावर निपचित पडून राहिलेली कोंबडी वर्णन केली आहे. अशा थिजण्याला प्रेम किंवा विश्वास म्हणणं म्हणजे पिल्लावर अन्याय आहे. वरून येणारा हात पिल्लाला घारीसारखाच वाटतो. म्हणून बसून, बाजूने, हात खाली ठेवून जावं आणि पिल्लाला स्वतःहून तळहातावर चढू द्यावं. उचलायचंच तर दोन्ही हातांची ओंजळ खालून, पाय टेकलेले राहतील अशी, आणि काही क्षणांत पुन्हा खाली.

आणखी एक: काल पळणारं पिल्लू आज गुपचूप हातात बसलं तर आधी तपासा. पंख पाडलेले, डोळे मिटलेले, विष्ठेत रक्त असेल तर ते आजारी आहे. पशुवैद्याला दाखवा. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका, साल्मोनेला या जंतूचा धोका खराच असतो.

‘एक दिवस उपाशी ठेवा.’ या सल्ल्याला बहुधा एका खऱ्या गोष्टीचा आधार असावा. अंड्यातल्या बलकाचा उरलेला अंश पोटात असल्यामुळे नुकतं जन्मलेलं पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं. म्हणूनच ती खोक्यात घालून दूरवर पाठवता येतात. पण तो साठा संपल्यावर दिवसभराचा उपास म्हणजे अशक्तपणा आणि खाद्य दिसताच एकमेकांवर तुटून पडणं. दोन आठवड्यांनंतर, तेही फार तर तास-दीड तास खाद्याचं भांडं काढा. पाणी कधीच काढू नका. खरी युक्ती भुकेत नाही, खाऊच्या चवीत आहे. रोज मिळणारं खाद्य समोर असतानाही वाळवी किंवा अळ्या दिसल्या की पिल्लं धावतात. शेणाचं मडकं उपडं घालून वाळवी गोळा करायची जुनी रीत त्यासाठी उत्तम. नाहीतर बाजरी, तांदळाची कणी. वीस पिल्लांना एक मूठ पुरे. खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका, नाहीतर प्रथिनं कमी पडून वाढ खुंटते. दाणे सुरू केले की बारीक वाळूही ठेवा, त्याशिवाय ते पेषणीत (पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत) नीट दळले जात नाहीत. मीठ घातलेला भात-आमटीचा उरलेला घास मात्र नको. जास्त मीठ पिल्लांना बाधतं.

‘शिकली की खाऊ बंद.’ रिकाम्या हाकेला कोंबडी थोडे दिवस येते, मग थांबते. अमेरिकेत 1940 च्या दशकापासून केलर आणि मरियन ब्रेलँड या प्राणी शिकवणाऱ्या जोडप्याने कोंबड्यांना तऱ्हेतऱ्हेची कामं शिकवली, तीही बक्षिसाच्या दाण्यावरच. महिनाभर प्रत्येक हाकेला खाऊ द्या. मग मधूनच एखादी हाक कोरडी गेली तरी चालते, पण संध्याकाळच्या खुराड्याच्या हाकेला दाणा हवाच. ती हाक दिवस मावळण्याआधी पाऊणएक तास मारा. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. उशीर केलात तर जिथे असेल तिथे झाडावर किंवा कुंपणावर बसून राहते, आणि मग मुंगूस, रानमांजराचं फावतं.

सवय मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण त्या संदेशात आलेलंच नाही: हाक मारून बोलवायचं आणि धरायचं. राणीखेत रोगाची लस टोचायची असो, विकायचं असो की कापायचं असो, त्यासाठी हाक कधीही वापरू नका. एकदा फसली की कोंबडी हाक ऐकून दोन हात लांबच थबकते, आणि तिचं बघून बाकीच्याही. धरायचं काम रात्री करा. दांडीवर बसल्यावर मंद उजेडात पंखांवरून दोन्ही हातांनी उचललं की ना आरडाओरडा होतो, ना पळापळ.