चार ओळी कॉम्प्युटर, दोन ओळी दगड

आमच्या घरात विषय निवडायला कधी दहा मिनिटांच्या वर वेळ लागलेला नाही. मेथीची जुडी निवडायला त्याहून जास्त लागतो. लातुरात निवडायला असतंच काय? दहावी झाली की पोरगं ए ग्रुपला का बी ग्रुपला, म्हणजे गणिताकडं का जीवशास्त्राकडं, एवढा एकच सवाल. तोही पोराला विचारत नाहीत, गुणपत्रिकेला विचारतात. पुढचं सगळं लातूर पॅटर्न बघून घेतो. पोरानं फक्त सकाळी उठायचं आणि टेस्ट द्यायची.

आमच्या दिदीनं, म्हणजे माझ्या पोरीनं, ए ग्रुप घेतला. त्यात पुन्हा मार्क वाढवायचे म्हणून मराठी आणि जीवशास्त्र दोन्ही सोडून दोनशे मार्कांचं फिशरी घेतलं. २०१६ ला ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या गावातल्या पोरीनं मत्स्यव्यवसायात १९४ मार्क काढले. जिवंत मासा तिनं तोवर बघितला होता की नाही, मला शंका आहे. पण निवड कशी झटपट झाली! क्लासवाले सर म्हणाले, स्कोअरिंग आहे, आणि आम्ही फॉर्मवर सही केली.

अशा घरातली पोरगी शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात गेली. पहिलं सेमिस्टर तिथल्या बाईंनीच जुळवून दिलं. नोव्हेंबरात दिदीचा फोन आला, "पप्पा, पुढच्या सेमिस्टरचे विषय मला निवडायचेत."

"कॉम्प्युटर घेतलंस ना? मग कॉम्प्युटरच निवड."

"तसं नसतं. कॉम्प्युटर आहेच. पण एक प्रयोगाचं सायन्स पाहिजे, एक समाजशास्त्राकडचं, एक कलेचं, एक भाषा, लिहिण्याचा कोर्स, आणि शारीरिक शिक्षण. डिग्रीला १२० क्रेडिट लागतात."

मी आडत दुकानात होतो. सोयाबीनचा हंगाम, काट्यावर कट्टे, बाहेर टेम्पोंची रांग. फोन स्पीकरवर होता. 'क्रेडिट' आणि '१२०' एवढंच कानावर पडल्यावर आमच्या मुनीमजींनी पेन खाली ठेवला. त्यांच्या वहीत क्रेडिट म्हणजे उधारी. "शेठ," ते हळूच म्हणाले, "पोरीनं एवढी उधारी केली?"

त्यांना समजावता समजावता मलाच थोडं समजलं. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्गात आणि साधारण दोन तास वर्गाबाहेरचा अभ्यास, असं पंधराएक आठवडे. सेमिस्टरला पंधरा क्रेडिट धरले तर आठवड्याचे पंचेचाळीस तास झाले. आठ सेमिस्टर तसं केलं की १२०. वर आणखी एक अट. विद्यार्थ्याच्या व्हिसावर असलेल्या पोरानं सेमिस्टरला १२ क्रेडिटच्या खाली जायचं नाही, गेलं तर व्हिसाचं दुखणं. हे मात्र मला एका झटक्यात कळलं. हमीभावाला सोयाबीन घालायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको; दिदीचं क्रेडिट १२ च्या खाली नको. बापलेकीचा जीव एकाच आकड्यात अडकलेला. फरक इतकाच, की त्याच नोव्हेंबरात सरकारनं आमच्या ओलाव्याला १५ पर्यंत सूट दिली. दिदीला कोण देणार?

हा घोळ मुळात घातला कुणी, म्हणून मी रात्री मोबाईलवर शोधत बसलो. चार्ल्स एलियट नावाचे गृहस्थ १८६९ ला हार्वर्डचे अध्यक्ष झाले, ते चाळीस वर्षं तिथंच. त्याआधी तिकडंही आपल्यासारखंच होतं, ठरलेले विषय सगळ्यांनी मुकाट्यानं शिकायचे. एलियटसाहेबांनी एकेक सक्ती उठवली आणि पोरांना सांगितलं, निवडा. बरोबर शंभर वर्षांनी, १९६९ ला, ब्राउन विद्यापीठानं तर मुख्य विषय सोडून बाकी कुठल्याच ठरावीक विषयाची सक्ती नाही असं करून टाकलं. दिदीचं कॉलेज मधल्या वाटेवरचं. काहीही घ्या, पण प्रत्येक ढिगाऱ्यातलं थोडं थोडं घ्या. मला तर हे जास्तच अवघड वाटलं. सक्ती असली की शिव्या द्यायला कुणीतरी असतं.

विषयांची यादी दिदीनं घरच्या ग्रुपवर टाकली आणि तिथून खरी फजिती सुरू झाली.

क्लासवाले सर शेजारीच राहतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून यादी बघितली आणि विचारलं, "मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका कुठं मिळतील?" मिळत नाहीत म्हटल्यावर त्यांचा त्या कॉलेजवरचा विश्वासच उडाला. शारीरिक शिक्षणाची यादी वाचताना मी त्यांना सांगितलं की तिकडच्या एमआयटी विद्यापीठात तिरंदाजी, तलवारबाजी, पिस्तूल आणि शिडाची होडी असे चार कोर्स पोरांनी पुरे केले की त्यांना समुद्री चाच्याचं सर्टिफिकेट देतात. सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याचे ॲडमिशनला मार्क धरतात का?"

आमच्या हिचा हिशेब वेगळा. विषय कोणताही असो, सकाळी आठचा नको, कारण पोरगी उठत नाही. आणि बारा ते एकमध्ये नको, कारण मग ती जेवत नाही. एवढ्या दोन चाळण्या लावल्या आणि अर्धी यादी गळून पडली. खरं सांगतो, सगळ्यांत कामाचा सल्ला हाच निघाला.

माझा धाकटा भाऊ गावाकडं शेती बघतो. तो माल घेऊन आला होता, पायरीवर बसून तंबाखू मळत सगळं ऐकत होता. "दादा, ह्यात अवघड काय हाय?" तो म्हणाला. "सोयाबीनमदी तूर घेतो का न्हाई आपण? चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. सोयाबीन पावसानं गेलं तर तूर हाती लागती. पोरीला सांग, चार ओळी कॉम्प्युटर लाव, मधी दोन ओळी दुसरं कायबी. फकस्त दोन्ही पिकं एकाच टायमाला काढणीला येऊ देऊ नको." परीक्षा एकाच दिवशी येऊ नयेत, असं त्याला म्हणायचं होतं. दिदी म्हणाली, "काका, आमच्या ॲडव्हायझरनं पण हेच सांगितलं, पण तीन मेल लिहून."

मी स्वतःला शहाणा समजत होतो, पण माझंही तेच. मला तिनं अर्थशास्त्र घ्यायला पाहिजे होतं. का, तर शिकागोला सोयाबीनचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा आगाऊ सौदा, हलला की इकडं लातुरात आमचा भाव हलतो. आपल्याकडचे सोयाबीनचे वायदे २०२१ च्या डिसेंबरपासून बंद, तरी शिकागोचं मापटं आमच्या डोक्यावर आहेच. तीस वर्षं हा धंदा करून ते नेमकं कसं चालतं, मला अजून उमगलेलं नाही. पोरीनं शिकावं आणि मला सांगावं, एवढाच स्वार्थ. म्हणजे तिच्या एका वेळापत्रकात आम्ही चौघांनी आपापली पेरणी मांडली होती.

आज्जीनं तेवढं काही सुचवलं नाही. यादीतलं एकच नाव तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. "जिऑलॉजी मंजी काय?" दगडांचा, जमिनीचा अभ्यास, मी सांगितलं. "दगडं बगायला इमानानं गेली व्हय ती? आपल्या माळावर काय कमी हायत?"

मधे एक आठवण सांगून टाकतो. माझा पुतण्या इथंच एका कॉलेजात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं इथंही मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आलंय, म्हणजे दुसऱ्या शाखेतला एक विषय आपल्या आवडीनं घ्यायचा. पुतण्या आवड घेऊन खिडकीशी गेला. आतून क्लार्कनं विचारलं, "आवड कशाची?" त्यानं सांगितली. क्लार्क म्हणाले, "त्याला मास्तर नाही. ही घे." दोन मिनिटांत काम झालं, पोरगं अकराच्या एसटीनं घरी. दिदीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "किती नशीबवान!" आणि ती चेष्टा करत नव्हती.

नोंदणीचा दिवस उजाडला. तिकडचे सकाळचे सात म्हणजे इकडचे संध्याकाळचे साडेपाच. सौदे उरकले होते, हमाल हातपाय धूत होते, आणि आम्ही सगळे गादीवर एका मोबाईलभोवती. प्रत्येक विषयाला पाच आकडी नंबर. दिदीनं ते आधीच कागदावर लिहून ठेवलेले. पेरणीची घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं आम्हाला दरवर्षी सांगतात. इथं उलटं. सात वाजून एक मिनिट म्हणजे उशीर.

"अर्थशास्त्र फुल्ल," दिदी म्हणाली.

"आत्ता तर दार उघडलं!"

"वरच्या वर्गातल्यांची नोंदणी आधी होते, पप्पा. मी पहिल्या वर्षाची. वेटिंगवर चौदावी."

माझा हात सवयीनं दुसऱ्या फोनकडं गेला. "तिथं कुणाला सांगावं लागतं? आपल्याकडचं कुणी असलं तर बघतो."

"पप्पा, इथं कुणाला सांगून होत नसतं."

मुनीमजींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हणत होते, हे लेकरू तिथं कसं दिवस काढत असेल!

मातीच्या भांड्यांचा वर्ग भरलेला. तत्त्वज्ञानाचा एक रिकामा होता, पण तो सकाळी आठचा, तेव्हा हिनं नकार दिला. भाषेचं तर वेगळंच नाटक. घरची भाषा लिहिता-वाचता येते असं परीक्षा देऊन दाखवलं तर ती अट माफ होणार होती. "सोप्पंय की!" आम्ही ओरडलो. मग दिदीनं हळू आवाजात विचारलं, "पप्पा, 'परीक्षा'तला 'री' पहिला का दुसरा?" बारावीला मराठी सोडून मासे धरल्याचं फळ हे असं सात समुद्रांपलीकडं मिळालं.

पोहण्याचं त्याहून वाईट. तिकडच्या काही कॉलेजांत पोहण्याची परीक्षा द्यायची, नाहीतर पोहण्याच्या वर्गाला बसायचं, असा नियम आहे, अगदी एमआयटीतसुद्धा. दिदीच्या कॉलेजातही तो निघाला. माशाच्या कल्ल्यांपासून शेपटापर्यंत सगळं तोंडपाठ, आणि पाण्यात उतरली की दगड. तिनं एक क्रेडिटचं पोहणं घेतलं.

राहिलं प्रयोगाचं सायन्स. हिच्या दोन्ही चाळण्यांतून पार झालेलं एकच: जिऑलॉजी, मंगळवार-गुरुवार दुपारी, चार क्रेडिट. तिकडं ह्या विषयाला चेष्टेनं 'खेळाडूंचे दगड' म्हणतात म्हणे, कारण सायन्स नको असणारी सगळी पोरं तिथं येऊन बसतात. भाऊ म्हणाला, "बरं झालं. दोन ओळी दगड." दिदीनं बटण दाबलं. क्लासवाले सर उठता उठता म्हणाले, "स्कोअरिंग असंल, बगा."

जानेवारीत वर्ग सुरू झाले. पहिले काही दिवस विषय सोडायची आणि बदलायची मुभा असते. ह्याला आम्ही दुबार पेरणी म्हणतो, आणि ती कुणावर येऊ नये अशी प्रार्थना करतो. तिकडची पोरं ती हौसेनं करतात. त्याच आठवड्यात दिदीचा मेसेज आला. अर्थशास्त्राची वेटिंग सरकली होती, जागा मिळत होती. मी तिथल्या तिथं दुकानात पेढे सांगितले.

रात्री फोन आला. "पप्पा, नाही घेत अर्थशास्त्र. वेळ जिऑलॉजीच्या आड येतीय, आणि मी जिऑलॉजी सोडणार नाही."

"दगडांसाठी?"

"आज सरांनी नकाशा लावला होता. खंडाच्या आत, जिथं मोठा भूकंप होईल असं कुणाला वाटत नव्हतं तिथं झालेले भूकंप. अमेरिकेतलं न्यू माद्रिद, १८११-१२. आणि त्याच्याखाली लिहिलेलं, लातूर, १९९३."

आम्ही त्याला किल्लारीचा भूकंप म्हणतो. जगाच्या पुस्तकात तो लातूरचा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा बारावीला, लातुरात खोली करून राहत होतो. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळचंच. आज्जी गावात होती.

सरांनी दिदीला विचारलं होतं, तुझ्या घरात कुणाला आठवतं का. त्यावर लेख लिहायचा होता. तिनं आज्जीला व्हिडिओ कॉल लावला, म्हणाली, दहा मिनिटं बोल. आज्जी दीड तास बोलली. गणपती बुडवून दमून झोपलेलं गाव, भुईतून लांबची गाडी गेल्यासारखा आवाज, मग अंधारच अंधार. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वरून माळवदाच्या छताची माती. कुठली भिंत कुणीकडं पडली, कुणाचा वाडा उभा राहिला, पुढं किती महिने आम्ही पत्र्याच्या शेडात काढले. "घर लई भक्कम हाय म्हनायचे तुझे पंजोबा," ती म्हणाली, "आन् त्या भक्कमानंच मारलं." दिदी तिकडून मधेच थांबवून विचारायची, आज्जी, भिंतीत दगडाला दगड सांधलेला होता का नुसता रचलेला? आणि आज्जी हातानं दाखवायची. मी दारात उभा होतो. एकतीस वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणी तिला विचारला नव्हता.

मार्चमध्ये निकाल आला. लेखाला ए. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला म्हणे. आम्ही आज्जीला ओरडून सांगितलं, कारण तिला आता कमी ऐकू येतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पान लावलं, कात खाली ठेवली आणि मला विचारलं, "ह्यो दगडाचा इषय किती केडिटचा म्हनलास?"

"चार."

"मंग त्यातले दोन माज्या नावावर मांडा म्हनावं."