तूर, तर आणि भाच्याची बारावी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी भाच्याने बारावीनंतर डिझाइन शिकण्याचा मनसुबा जाहीर केल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. थोरल्यांचे म्हणणे असे की, कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या घरातील मुलाने आधी स्पर्धा परीक्षा द्यावी, मनाचे समाधान वगैरे पगार सुरू झाल्यावर पाहता येईल. धाकट्यांना वाटते की, मामासारखे परदेशात गेले की पैसा आणि समाधान दोन्ही मिळते. नेदरलँड्समध्ये नऊ वर्षे हेच काम, म्हणजे ॲप आणि संकेतस्थळांचे पडदे आखण्याचे, करत असल्यामुळे दोन्ही बाजू मला पंच मानतात, आणि मला दोन्ही चुकलेल्या वाटतात.

थोरल्यांच्या भीतीची थट्टा मी करणार नाही. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीने ज्या घरातले लग्न वर्षभर पुढे ढकलले, तेथे दरमहा येणाऱ्या पगाराला हलके लेखणे हा परदेशस्थाचा उद्धटपणा ठरेल.

धाकट्यांना मात्र माझ्या सर्वाधिक पगाराच्या वर्षाची हकिकत सांगायला हवी. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या जीडीपीआर कायद्यानुसार संकेतस्थळाला दिलेली संमती मोकळेपणाने दिलेली असावी लागते. मी होतो त्या कंपनीला मात्र ‘स्वीकारा’ हे बटण ठसठशीत आणि ‘नाकारा’ हे दिसेल न दिसेल असे हवे होते, आणि त्या फिकटपणाच्या छटा ठरवण्यात माझे आठ महिने गेले. कार्यालय प्रशस्त होते, कॉफी उत्तम होती, आणि घरी येऊन कोणाला सांगावे असे काहीच नव्हते.

या कामातले समाधान कशात आहे, हे मला सुट्टीत गावी, वावराच्या धुऱ्यावर कळले. काका एका ॲपवर पिकाची नोंद करत होते. भर दुपारचे ऊन, पांढऱ्या पडद्यावर राखाडी अक्षरे, त्यांनी दुपट्टा डोक्यावरून फोनवर ओढला, आत तोंड घातले आणि म्हणाले, “याच्यात त काहीच नाई दिसत बाप्पा.” मी डोकावलो. ते यादीत ‘तूर’ शोधत होते आणि यादीत होते ‘तर’. रोमन लिपीच्या मापाने आखलेल्या ओळीत खालचा उकार कापला गेला होता. ‘मूग’चेही ‘मग’ झाले होते.

दोन्ही दोषांवरचे उपाय आमच्या व्यवसायात अगदी प्राथमिक आहेत. सुलभतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसह सर्वांना वापरता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते, आणि वर रफार-वेलांटी, खाली उकार असलेल्या देवनागरीला ओळीची उंची जास्त द्यावी लागते. मी ॲप बनवणाऱ्यांना तसे कळवले आणि परतल्यावर नोकरीही बदलली. जून २०२५ पासून युरोपात बँकिंग, ऑनलाइन खरेदी अशा सेवांना सुलभता कायद्याने बंधनकारक झाली आहे, त्यामुळे दुपट्ट्याखाली कळलेल्या गोष्टीचाच मला आता पगार मिळतो.

तालुक्याच्या एका क्लासने भाच्याला तीन महिन्यांत फिग्मा हे डिझाइनचे सॉफ्टवेअर शिकवून नोकरीची हमी देऊ केली आहे. फिग्मा तो घरबसल्या शिकेल. त्यापेक्षा आयआयटी मुंबई घेत असलेली, डिझाइनच्या पदवी प्रवेशाची यूसीड परीक्षा द्यावी, असे मी सुचवले. तिला बारावीची कोणतीही शाखा चालते आणि तीत रेखाटनाबरोबर निरीक्षणही तपासले जाते. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, ही अडचण खरी आहे आणि तिची तयारी आतापासूनच हवी.

शिवाय दर रविवारी कृषी केंद्राच्या ओट्यावर बसून लोक फोनवर कुठे अडतात ते वहीत लिहायला सांगितले आहे. पहिल्या पानाचा फोटो परवा आला: “ओटीपी पाहायला मागे गेलं की फॉर्म पुन्हा कोरा होतो. चार जणांचं असंच झालं.” खाली त्याने स्वतःहून दोन पडद्यांची वेडीवाकडी आकृती काढली होती. ती मी घरच्या ग्रुपवर टाकली, तेव्हा काकांनी एवढेच विचारले, “ते त ठीक आहे, पण आमच्या तुरीचं काय झालं?”